लेझर कटर होम होत नाही? सेटिंगला हात लावण्याआधी स्विच तपासा

होमचं बटण, म्हणजे हेडला शून्याच्या कोपऱ्यात नेणारं बटण, दाबलं की हेड कोपऱ्यात जाऊन फ्रेमला धडकतं आणि मोटर कडकडत राहते. किंवा हेड जागचं जेमतेम हलतं आणि स्क्रीनवर अलार्म येतो. किंवा होमिंग व्यवस्थित होतं, पण काम अर्ध्यावर असताना मशीन अचानक थांबतं. अशा वेळी नवीन माणूस सेटिंगची यादी उघडतो आणि दुसऱ्या कुणाच्या मशीनला लागू पडलेले आकडे आपल्या मशीनमध्ये भरतो. मूळ बिघाड तसाच राहतो, त्यात चुकीच्या सेटिंगची भर पडते, आणि आधी तिथे कोणता आकडा होता हेही आठवत नाही.

म्हणून या लेखात सेटिंग अगदी शेवटी येते. आधी स्विच, मग वायर, मग कंट्रोलरला काय दिसतंय ते, मग हेडची दिशा. होमिंगच्या बहुतेक तक्रारी पहिल्या तीन टप्प्यांतच सुटतात.

एक सूचना: आज्ञा आणि आकडे इथे देवनागरीत छापले आहेत. मशीनला देताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. उदाहरणं मुख्यतः जीआरबीएल या फर्मवेअरची, म्हणजे कंट्रोलर बोर्डावर चालणाऱ्या प्रोग्रॅमची आहेत, कारण छोट्या डायोड लेझरमध्ये आणि घरी बांधलेल्या मशीनमध्ये तेच जास्त भेटतं. मोठ्या सीओटू (गॅसच्या नळीच्या) लेझरमधला रुइडा कंट्रोलर आणि के४० हा छोटा सीओटू लेझर यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. तपासणीचा क्रम सगळीकडे सारखाच.

होमिंगमध्ये काय घडतं

आपण कुठे उभे आहोत हे स्टेपर मोटरला कळत नाही. कंट्रोलर पल्स पाठवतो आणि किती पाठवले ते मोजतो. वीज गेली की ती मोजणी गेली. मशीन बंद असताना कुणी हेड हाताने सरकवलं तर त्याचीही खबर कंट्रोलरला नसते. म्हणून मशीन चालू झाल्यावर हेड एका ठरलेल्या कोपऱ्याकडे नेतात. वाटेत स्विच दाबला गेला की हेड थांबतं, थोडं मागे येतं, पुन्हा हळू पुढे जाऊन स्विच नेमका कुठे दाबला जातो ते टिपतं, परत थोडं मागे सरकतं, आणि ती जागा मशीनचा शून्य बिंदू ठरते. दुसरी फेरी हळू घेतात ती अचूकतेसाठी. पहिल्या फेरीत वेग जास्त असल्याने हेड थोडं पुढे सरकलेलं असतं.

याच स्विचला कुणी होम स्विच म्हणतं, कुणी एंडस्टॉप, कुणी लिमिट स्विच. वस्तू एकच, कामं दोन. होमिंगच्या वेळी तो शून्य दाखवतो. हार्ड लिमिट चालू केलं असेल तर काम चालू असतानाही हेड त्याच्यावर आदळलं की मशीन थांबवतो. होमिंगपुरता प्रत्येक अक्षाला एक स्विच पुरतो. दुसऱ्या टोकाचा स्विच नसला म्हणून मशीन अपुरं ठरत नाही.

आधी हे पाहून घ्या की तुमच्या मशीनला स्विच आहेत तरी का. उघड्या फ्रेमच्या बऱ्याच डायोड लेझरला ते नसतात. अशा मशीनमध्ये चालू करताना हेड जिथे असेल तोच शून्य. म्हणून ते हाताने पुढच्या डाव्या कोपऱ्यात आणून मगच स्विच ऑन करायचं. होमची आज्ञा दिल्यावर "एरर ५" आली तर त्याचा अर्थ एवढाच की सेटिंगमध्ये होमिंग बंद आहे. स्विच नसताना $२२ची, म्हणजे होमिंग चालू-बंद करणाऱ्या सेटिंगची, किंमत १ केली तर एरर जाते आणि हेड फ्रेमवर जाऊन बसतं. लाइटबर्न या लेझर चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या डिव्हाइस सेटिंगमध्ये मशीन जोडल्याबरोबर आपोआप होम करण्याचा पर्याय असतो. स्विच नसलेल्या मशीनसाठी तोही बंदच हवा.

हात लावण्याआधी

लेझरची शक्ती बंद करा. वेगळी किल्ली किंवा बटण असेल तर ते बंद, नसेल तर लेझर मॉड्यूलचा प्लग काढून ठेवा. होमिंगच्या चाचण्यांना किरणाची गरज नाही. सीओटू मशीनमध्ये नळीला हजारो व्होल्ट मिळतात आणि वीज बंद केल्यावरही काही काळ त्यात भार राहू शकतो. नळीच्या टोकांना आणि तिच्या पॉवर सप्लायला हात लावायचं काही कारणच येत नाही, कारण लिमिट स्विचच्या वायरी त्या बाजूला नसतात.

बेडवरचं सगळं उचला. एक हात इमर्जन्सी स्टॉपवर किंवा मेन स्विचवर ठेवायची सवय लावा. मशीन बंद असताना हेड सरकवायचं झालं तर हळू सरकवा. झटकन ढकललं तर मोटर जनरेटरसारखी वागते आणि ती वीज ड्रायव्हरकडे जाते.

मग आहेत त्या सेटिंग जपून ठेवा. जीआरबीएलच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, $$ लिहून एंटर दाबलं की पूर्ण यादी येते. ती कॉपी करून फाइलमध्ये टाका, फाइलच्या नावात तारीख घाला. रुइडाच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग वाचून फाइलमध्ये साठवायची सोय असते. हे दोन मिनिटांचं काम टाळणाऱ्यांचीच पुढे सगळ्यात जास्त ओढाताण होते.

पहिला टप्पा: डोळे आणि बोटं

मशीन बंद. हेड हाताने होमच्या कोपऱ्याकडे न्या आणि स्विच खरोखर दाबला जातोय का ते वाकून पाहा. मायक्रोस्विच असेल तर "टिक्" असा आवाज यायला हवा, आणि तो हेड फ्रेमला टेकायच्या आधी यायला हवा. स्विचची पट्टी वाकली असेल, स्विचचा स्क्रू ढिला होऊन तो मागे सरकला असेल, किंवा नंतर बसवलेला एअर असिस्टचा (कापताना हवा फुंकणारा) पाइप मध्ये येऊन हेड शेवटपर्यंत पोचत नसेल, तर जगातली कुठलीही सेटिंग उपयोगाची नाही.

ऑप्टिकल सेन्सर असेल तर तो इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो आणि त्याच्या फटीतून एक पातळ पत्रा जातो. पत्रा वाकलेला नाही ना, फटीच्या मधोमध जातो ना, हे पाहा. लाकूड आणि एमडीएफ कापणाऱ्या मशीनमध्ये धूर आणि राळ त्या फटीत साचते, आणि सेन्सरला पत्रा कायम आत असल्यासारखा वाटतो. कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. उघड्या सेन्सरवर थेट ऊन पडत असेल तरी तो चुकीचं दाखवू शकतो.

मोठ्या मशीनमध्ये प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो. तो धातू जवळ आला की काम करतो, स्पर्श लागत नाही. मशीन चालू ठेवून, हेड स्थिर असताना, त्याच्यासमोर स्क्रूड्रायव्हरचं लोखंडी टोक धरा. मागचा छोटा दिवा बदलायला हवा. इथे एक गोष्ट लोकांना चकवते. या सेन्सरचं अंतर लोखंडासाठी सांगितलेलं असतं आणि ॲल्युमिनियम त्याला त्याहून बऱ्याच कमी अंतरावर दिसतं. ब्रॅकेट बदलून ॲल्युमिनियमचा बसवला आणि होमिंग बंद पडलं, तर सेन्सर बाद झालेला नसतो. त्याला थोडं जवळ आणायचं किंवा समोर एक लोखंडी स्क्रू लावायचा.

दुसरा टप्पा: मल्टिमीटर

मायक्रोस्विचला साधारण तीन पाय असतात: कॉमन, एनओ आणि एनसी. एनओ म्हणजे एरवी उघडा, दाबल्यावर जोडला जाणारा. एनसी म्हणजे एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा. वायर कोणत्या दोन पायांना लावली आहे ते आधी बघून लिहून ठेवा, पुढे लागेल.

मशीन बंद करून स्विचचा प्लग कंट्रोलरकडच्या टोकाला काढा. मल्टिमीटर बीपवर ठेवून त्या प्लगच्या दोन टोकांना लावा. स्विचवर न लावता प्लगवर लावण्यामागचा हेतू असा की स्विच आणि सगळी वायर एका फटक्यात तपासली जाते. एनओ जोडणीत स्विच दाबल्यावर बीप यायला हवी, एनसीमध्ये सोडल्यावर. बीप नीट येत असेल तर मल्टिमीटर तसाच ठेवून दुसऱ्याला वायर हलवायला सांगा, विशेषतः केबल चेनमध्ये जिथे ती रोज वाकते तिथे आणि प्लगच्या मुळाशी. बीप तुटक आली की दोष सापडला. तांबं आतून तुटलेलं असतं आणि वरचं आवरण शाबूत असतं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही.

ऑप्टिकल आणि प्रॉक्सिमिटी सेन्सरला बीपची चाचणी चालत नाही, कारण त्यांना स्वतःची वीज लागते. त्यासाठी मशीन चालू ठेवून सिग्नलची वायर आणि ग्राउंड यांमधले व्होल्ट मोजा. सेन्सरला अडथळा दाखवला आणि काढला की व्होल्ट स्पष्ट बदलायला हवेत. पाच व्होल्टच्या सेन्सरमध्ये साधारण पाच आणि साधारण शून्य. मधलंच काहीतरी, म्हणजे अडीच व्होल्ट वगैरे दिसलं, तर सेन्सर मळलाय किंवा जोडणी कच्ची आहे.

प्रॉक्सिमिटी सेन्सर बदलणार असाल तर नुसता आकार जुळवून चालणार नाही. तपकिरी वायर धन, निळी ऋण, काळी सिग्नल, हे बहुतेक ठिकाणी सारखं असतं. पण एनपीएन आणि पीएनपी हे दोन प्रकार उलट वागतात. एनपीएन सिग्नलला ग्राउंडकडे ओढतो, पीएनपी सप्लायच्या व्होल्टकडे. चोवीस व्होल्टवर चालणाऱ्या पीएनपीची काळी वायर थेट पाच व्होल्टच्या बोर्डाला लावली तर बोर्डाचा पिन जळतो.

तिसरा टप्पा: कंट्रोलरला काय दिसतंय

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच लोक सोडून देतात. स्विच चांगला आहे आणि वायर चांगली आहे, तरी कंट्रोलरला तो दाबलेला दिसतोय की नाही हा प्रश्न वेगळाच आहे.

जीआरबीएलमध्ये कन्सोलवर नुसतं ? टाइप करा. उत्तरात मशीनची स्थिती येते. कुठला स्विच दाबलेला असेल तर त्या ओळीत पीएन असा भाग दिसतो आणि त्यापुढे एक्स, वाय किंवा झेड. काहीच दाबलेलं नसेल तर हा भाग येतच नाही. हेड बेडच्या मधोमध ठेवा आणि एकदा विचारा. मग बोटाने एक्सचा स्विच दाबून धरा आणि विचारा. मग वायचा. मार्लिन किंवा स्मूदीवेअर हे फर्मवेअर असेल तर एम११९ ही आज्ञा प्रत्येक एंडस्टॉपची अवस्था लिहून दाखवते. रुइडाच्या पॅनेलवर डायग्नोसिसचा मेनू असतो, तिथे लिमिटच्या इनपुटची अवस्था दिसते.

आता चार शक्यता आहेत.

दाबल्यावर दिसतो, सोडल्यावर जातो: उत्तम, पुढच्या टप्प्यावर जा.

अगदी उलट, म्हणजे मोकळा असताना दिसतो आणि दाबल्यावर जातो: स्विचची जोडणी आणि सेटिंग जुळत नाही. जीआरबीएलमध्ये $५ उलटी करा, शून्य असेल तर एक, एक असेल तर शून्य. एनओ जोडणीला शून्य लागतं, एनसीला एक. ही सेटिंग सगळ्या अक्षांना एकदम लागू होते. म्हणून एक्सला एनओ आणि वायला एनसी अशी सरमिसळ केली असेल तर कुठलाही आकडा बरोबर ठरणार नाही, वायरच बदलावी लागेल.

काही केलं तरी दिसतच नाही: स्विच आणि वायर तपासून झाली असेल तर प्लग चुकीच्या पिनवर आहे. आर्डुइनो उनो बोर्ड आणि त्यावर बसणारा जोडणीचा बोर्ड, म्हणजे सीएनसी शील्ड, यांमध्ये एक जुना घोटाळा आहे. आधीच्या जीआरबीएलमध्ये झेडचा लिमिट पिन ११वर होता. ०.९ आवृत्तीपासून, वेग-शक्ती नियंत्रणासाठी, तो १२वर गेला आणि ११वर लेझरचा सिग्नल आला. बऱ्याच शील्डवर छापलेली नावं मात्र जुनीच राहिली. एक्सचा लिमिट ९वर आणि वायचा १०वर, ते बदललेले नाहीत. म्हणजे शील्डवर झेडचा एंडस्टॉप म्हणून छापलेल्या जागी स्विच लावला असेल तर तुम्ही तो लेझरच्या सिग्नलला जोडलाय.

काही केलं तरी दिसतोच: वायर शॉर्ट झालीय, किंवा एनसी जोडणीत कुठेतरी तुटलीय. प्लग काढून पुन्हा विचारा. एनओ जोडणीत प्लग काढल्यावर अवस्था मोकळी झाली तर दोष वायरीत किंवा स्विचमध्ये आहे. तरीही दाबलेलाच दिसत असेल तर बोर्डाच्या बाजूला. ईएसपी३२वर बांधलेल्या कंट्रोलरमध्ये आणखी एक खोच आहे. त्या चिपच्या ३४ ते ३९ या पिनना आतला पुल-अप रेझिस्टर (स्विच उघडा असताना पिनला वरच्या व्होल्टवर धरून ठेवणारा) नसतो. फ्लुइडएनसी या फर्मवेअरच्या फाइलमध्ये पुल-अप लिहिला तरी तो या पिनवर लागत नाही, आणि बाहेरून रेझिस्टर लावला नसेल तर पिन तरंगत राहतो. एकदा दाबलेला दिसतो, एकदा मोकळा, हात जवळ नेला तरी बदलतो.

एनओ घ्यावा की एनसी, यावर माझं मत स्पष्ट आहे: मायक्रोस्विच असेल तर एनसी. वायर तुटली की कंट्रोलरला स्विच दाबल्यासारखं दिसतं आणि मशीन हलायला नकार देतं. एनओमध्ये तुटलेल्या वायरीचा पत्ता तेव्हाच लागतो जेव्हा हेड फ्रेमला धडकतं.

चौथा टप्पा: दिशा

होमिंगची आज्ञा देऊ नका अजून. आधी जॉग करून बघा, म्हणजे बाणांच्या बटणांनी हेड थोडं थोडं हलवा. मशीन अलार्ममध्ये असेल तर $एक्स लिहून कुलूप उघडा. एक्स वाढवला की हेड उजवीकडे जायला हवं, वाय वाढवला की मागे, तुमच्यापासून दूर. तसं होत नसेल तर $३ने मोटरची दिशा उलटवा. एक्ससाठी १, वायसाठी २, दोन्हींसाठी ३.

हे जमल्यावरच होमिंगच्या दिशेकडे बघायचं. मूळ जीआरबीएल उजव्या मागच्या कोपऱ्यात, म्हणजे दोन्ही अक्षांच्या धन बाजूला होम करतं. तुमचे स्विच दुसऱ्या कोपऱ्यात असतील तर $२३ बदला, आकड्यांचा हिशोब $३सारखाच. पुढच्या डाव्या कोपऱ्यासाठी $२३ ची किंमत ३. पुष्कळ जण $३ आणि $२३ यांची गल्लत करतात. हेड होमिंगला चुकीकडे जातंय म्हणून $३ उलटवतात, होमिंग सुधारतं, आणि मग पहिलंच काम आरशातल्यासारखं उलटं कापलं जातं. दिशेचा क्रम म्हणून पक्का ठेवा: आधी जॉग, मग होम.

मूळ जीआरबीएलची आणखी एक सवय लेझरवाल्यांना छळते. ते आधी झेड होम करतं, मग एक्स आणि वाय एकत्र. लेझर मशीनला झेडची मोटरही नसते आणि स्विचही. होमचं बटण दाबल्यावर काहीच हलत नाही, थोडा वेळ जातो आणि अलार्म ९ येतो. हे $ सेटिंगने सुटत नाही. फर्मवेअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये होमिंगच्या पहिल्या फेरीतून झेड काढून, तिथे एक्स आणि वाय टाकून, पुन्हा अपलोड करावं लागतं. तयार विकत घेतलेल्या लेझरमध्ये हे आधीच केलेलं असतं. घरी बांधलेल्या मशीनमध्ये मात्र विसरलं जातं.

पाचवा टप्पा: होम करा आणि अलार्म वाचा

हेड मधोमध ठेवा, $२५ म्हणजे शोधण्याचा वेग थोडा कमी करा, हात स्टॉपवर, आणि $एच द्या. जे घडेल ते नीट पाहा. अलार्मचा आकडा आणि हेडने केलेली हालचाल यांची सांगड घातली की निदान जवळजवळ झालंच.

अलार्म ८ म्हणजे मागे सरकल्यावरही स्विच सुटला नाही. हेड स्विचपर्यंत गेलं, दाबला, मागे आलं आणि मग अलार्म आला, तर $२७ म्हणजे मागे सरकण्याचं अंतर कमी पडतंय. मूळ किंमत १ मिलिमीटर असते. लांब पट्टीच्या मायक्रोस्विचला ती पुरत नाही, २ किंवा ३ करून बघा. पण हेड स्विचकडे गेलंच नाही, जागेवरच उलट दिशेला किंचित हललं आणि अलार्म ८ आला, तर कंट्रोलरला स्विच सुरुवातीपासूनच दाबलेला दिसतोय. परत तिसऱ्या टप्प्यावर.

अलार्म ९ म्हणजे शोधायच्या अंतरात स्विच सापडला नाही. याचीही दोन रूपं. हेड फ्रेमला धडकून कडकडलं आणि मग अलार्म आला, तर स्विच दाबला गेला नाही किंवा कंट्रोलरला कळला नाही. हेड वाटेतच, स्विचपासून दूर असताना थांबलं, तर स्विचचा काही दोष नाही. जीआरबीएल अक्षाच्या कमाल लांबीच्या दीडपट अंतरापर्यंतच शोध घेतं, आणि ती लांबी $१३० आणि $१३१ मध्ये लिहिलेली असते. मूळ किंमत २०० मिलिमीटर. म्हणजे ३०० मिलिमीटर शोधून हेड थांबणार, आणि ४०० मिलिमीटरच्या बेडवर हेड पलीकडच्या टोकाला असेल तर ते पोचणारच नाही. खरी लांबी मोजून भरा. ती बरोबर असूनही हेड मध्येच थांबत असेल तर $१०० आणि $१०१ तपासा. मिलिमीटरमागे किती पल्स हा आकडा चुकीचा असेल तर मशीनचा मिलिमीटरच खोटा असतो. १०० मिलिमीटर जॉग करा आणि पट्टीने मोजा.

एक अक्ष होम होतो आणि दुसरा धडकतो, असं असेल तर दोघांचे प्लग कंट्रोलरवर अदलाबदल झालेले नाहीत ना ते बघा. एक्स आणि वाय एकत्र निघतात. एक्सने स्विच दाबला की वाय थांबतो आणि एक्स पुढे धावत राहतो. बघायला गंमत वाटते, बेल्टला वाटत नाही.

काम चालू असताना येणारा अलार्म

अलार्म १ म्हणजे हार्ड लिमिट. हेड स्विचच्या आसपासही नसताना हा आला तर वायरीत विजेचा गोंगाट शिरतोय. आर्डुइनोच्या चिपमधला आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फार दुबळा असतो. लिमिट स्विचची लांब वायर मोटरच्या वायरींना चिकटून जात असेल तर ती अँटेनाचं काम करते, आणि एअर पंप किंवा रिले सुरू होताना क्षणभर स्विच दाबल्याचा भास निर्माण होतो. कोणती गोष्ट चालू होताना अलार्म येतो हे टिपा. पंप सुरू होताना दर वेळी येत असेल तर शोध तिथेच संपला.

आधी वायरीचा मार्ग बदला. स्विचच्या वायरी मोटरपासून आणि लेझरच्या सप्लायपासून दूर न्या, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. सिग्नल आणि ग्राउंड एकमेकांभोवती पिळून घ्या. शील्ड (वायरींभोवती धातूचं आवरण) असलेली केबल वापरली तर शील्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला ग्राउंड करा. एवढ्याने भागलं नाही तर बोर्डाजवळ सिग्नल आणि पाच व्होल्ट यांमध्ये बाहेरून पुल-अप रेझिस्टर, १ ते १० किलोओहमचा, आणि सिग्नल ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. याने बरीच मशीनं शांत होतात. त्यापुढचा उपाय ऑप्टोकपलरचा, म्हणजे सिग्नल प्रकाशातून पुढे पाठवणाऱ्या भागाचा.

आणि एक मार्ग आहे जो लोक कबूल करायला लाजतात: $२१ शून्य करून हार्ड लिमिट बंद करणं. लेझरच्या हेडवर कापण्याचा जोर नसतो. होमिंग चालू ठेवून सॉफ्ट लिमिट (नोंदलेल्या लांबीबाहेरची हालचाल कंट्रोलरने स्वतःच नाकारणं) लावली तर छोट्या लेझरला एवढं संरक्षण पुरतं. होमिंगच्या वेळी स्विच तरीही वाचले जातात. मात्र गोंगाट इतका असेल की होमिंगच चुकीच्या जागी थांबतं, तर वायर दुरुस्त केल्याशिवाय सुटका नाही. $२६ची डिबाउन्सची (स्विच स्थिरावेपर्यंत थांबायच्या वेळेची) किंमत वाढवून हार्ड लिमिटचा गोंगाट जाईल या आशेवर राहू नका. ती सेटिंग होमिंगच्या वेळची आहे.

दर वेळी होम वेगळ्या जागी

तपासायची सोपी पद्धत: बेडवर जाड कागद चिकटवा, होम करा, ठरावीक जागी हेड नेऊन अगदी कमी शक्तीवर एक ठिपका उमटवा. इथे लेझर चालू होतो, तेव्हा चष्मा आणि झाकण. हेड लांब नेऊन पुन्हा होम करा, त्याच जागी पुन्हा ठिपका. ठिपके एकमेकांवर पडले तर होमिंग पक्कं आहे आणि तुमची तक्रार दुसरीकडची आहे. एकाच अक्षात सरकत असतील तर त्या अक्षाच्या मोटरवरच्या पुलीचा ग्रब स्क्रू (पुलीला शाफ्टवर घट्ट धरणारा छोटा स्क्रू) सगळ्यात आधी बघा. पुली आणि शाफ्ट दोन्हींवर मिळून मार्करने एक रेघ ओढा. काही होमिंगनंतर रेघ तुटलेली दिसली तर पुली घसरतेय. मग बेल्टचा ताण, मग स्विचचा स्क्रू. $२४ म्हणजे हळू फेरीचा वेग कुणी वाढवून ठेवला असेल तर तो खाली आणा.

वायला दोन मोटर आणि स्विच मात्र एकच असेल, तर गॅन्ट्री (हेड वाहून नेणारा आडवा दांडा) तिरकी असतानाही होमिंग यशस्वी होतं. मशीनला त्याचा पत्ता लागत नाही. कापलेला चौरस कर्णात मोजला की कळतं. मशीन बंद करून गॅन्ट्री दोन्ही बाजूंना फ्रेमच्या टेकूला लावा, आणि तशीच धरून चालू करा.

रुइडा आणि के४०

रुइडा कंट्रोलरमध्ये चालू झाल्याबरोबर आपोआप होम करायची सोय प्रत्येक अक्षासाठी वेगळी असते. झेड किंवा यू अक्षाला काही जोडलेलं नसताना ती चालू राहिली तर मशीन सुरुवातीलाच अडकून बसतं. बाकी तीच तीन तपासण्या: डायग्नोसिसमध्ये लिमिट बदलतो का, तो उलटा दिसत असेल तर लिमिटर पोलॅरिटी, आणि मोटर उलटी जात असेल तर डिरेक्शन पोलॅरिटी. या सेटिंग उत्पादकाच्या पासवर्डमागे असतात. त्यामागे का असतात ते लक्षात ठेवून एका वेळी एकच बदला.

के४० मागच्या डाव्या कोपऱ्यात होम होतं. त्यातल्या ज्या मशीनमध्ये ऑप्टिकल सेन्सर आणि पांढरी चपटी रिबन केबल आहे, त्यात सगळ्यात आधी ती केबल बंद मशीनमध्ये काढून पुन्हा नीट बसवा. किंचित तिरकी बसली तरी सेन्सर गायब होतो. पाठोपाठ फटीतली राळ आणि वाकलेला पत्रा.

होम झालं, तरी काम बेडबाहेर जातंय

इथे स्विचचा संबंध संपतो. लाइटबर्नच्या डिव्हाइस सेटिंगमध्ये मूळ कोपरा निवडायचा असतो. मशीनचा शून्य जिथे आहे तोच कोपरा तिथे हवा. चित्र आरशातलं येत असेल तर दोष बहुधा इथे किंवा $३ मध्ये. काम बेडच्या बाहेर सुरू होत असेल तर आधी कुणीतरी साठवलेला कामाचा शून्य बिंदू शिल्लक असतो, तो पुसून टाका.

सगळं जुळल्यावर $२० एक करून सॉफ्ट लिमिट चालू करा. होमिंग बंद असेल तर जीआरबीएल ती चालूच करू देत नाही, "एरर १०" देतं. त्यानंतर हेड चारही कडांपर्यंत जॉग करून बघा. एखाद्या कडेच्या बऱ्याच आधी "एरर १५" येऊन जॉग नाकारला गेला तर $१३० किंवा $१३१ खऱ्या लांबीपेक्षा कमी भरलाय. हेड कडेला टेकेपर्यंत मशीनने अडवलंच नाही तर जास्त. मागे सरकण्याचं अंतर वजा करून जी लांबी उरते ती भरा, आणि $$ची नवी यादी जुन्या फाइलशेजारी साठवून ठेवा.